पोरगं वहीत कॉमिक काढतं, यात पोट भरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोरगा यंदा बारावीला, गाव यवतमाळ जिल्ह्यात, शेती कोरडवाहू. अभ्यासाच्या वह्यांमध्ये मागच्या पानापासून नुसतं कॉमिक, आणि रात्री मोबाइलवर बोटानं तेच. सर म्हणतात हात चांगला आहे, मामा म्हणतो डी. फार्मसीला टाका. यात पोट भरतं का, भरत असेल तर पुण्या-मुंबईला धाडावंच लागेल का, आणि सुरुवात कुठून करायची, एवढं तुम्हाला हवं आहे.

भाऊ, पोट भरतं. मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या खेड्यात वाढलो आणि बरीच वर्षं चित्रकथेवरच घर चालवतो आहे, त्यातली बहुतेक जिल्ह्यातच बसून. फक्त ज्या कामावर घर चालतं ते काम आणि पोराच्या वहीतलं कॉमिक यांत बरंच अंतर आहे. वहीत कोणीतरी उडतो, कोणीतरी मार खातो. माझ्या टेबलावर सध्या काय आहे म्हणाल, तर गरोदर बायांनी लोहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या त्याची छोटी पुस्तिका, फवारणीच्या वेळी घ्यायच्या काळजीचं भिंतीवर लावायचं चित्र, लहान मुलांच्या एका पुस्तकाची चित्रं आणि दिवाळी अंकासाठी माझी स्वतःची सहा पानांची गोष्ट. पहिल्या तीन कामांतून किराणा आणि पोरीची फी निघते. चौथ्यातून नाव होतं, आणि त्या नावावर पुढच्या वर्षी पहिली तीन मिळतात. पोराला हे आत्ताच सांगून ठेवा. नुसती फवारणीची चित्रं काढायची म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं, तर त्यालाही काही अर्थ आहे.

सर म्हणाले हात चांगला आहे. असेलच. पण हात चांगला असणं आणि चित्रांतून गोष्ट सांगता येणं वेगळं, आणि पैसे मिळतात ते या दुसऱ्या गोष्टीचे. तुम्ही घरीच पाहू शकता. त्याच्या वहीतली एक पुरी गोष्ट त्याच्या आजीच्या हातात द्या, म्हणजे कॉमिकची सवय नसलेल्या माणसाच्या. पोराला बाजूला बसवा, पण तोंड उघडू देऊ नका. आजी बोट ठेवून कुठून वाचायला सुरुवात करते, कुठे अडते, 'हा तोच पोट्टा हाये का दुसरा?' असं कुठल्या चौकटीत विचारते, ते बघा. आजीला गोष्ट कळली तर पोरात दम आहे, मग चेहरे कितीही वाकडे असोत. नाही कळली तर बिघडलं काहीच नाही. हे शिकता येतं. पण शिकायचं आहे ते हे, हिरोच्या दंडाचे स्नायू नाही.

आमच्या वेळी सुरुवात 'चांदोबा'पासून व्हायची. मद्रासहून 1947 साली तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेल्या मासिकाची ही मराठी आवृत्ती. त्यातला शंकर यांनी काढलेला विक्रम, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, माझ्या पिढीतल्या प्रत्येक चित्रं काढणाऱ्या पोरानं कधी ना कधी उतरवलेला आहे. मग मराठीतलं इंद्रजाल कॉमिक्स आलं, त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. आणि तालुक्याच्या गावी भाड्यानं मिळणारी हिंदी कॉमिक्स, जी आम्ही दुकानाच्या ओट्यावरच बसून वाचायचो, कारण घरी न्यायचं भाडं जास्त. विदर्भातल्या पोरांना हिंदी कॉमिक्सचं वावडं कधीच नव्हतं. एक गंमत सांगतो. 1986 मध्ये हिंदी कॉमिक्समधला हिरो नागराज सुरू झाला तेव्हा त्याची सुरुवातीची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची होती, आणि अमर चित्रकथेत ज्यांच्या हातचं कृष्णाचं पुस्तक आपण पाहिलं ते राम वाईरकरही मराठीच. ओट्यावर बसलेल्या आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ही चित्रं कोणी माणूस टेबलाशी बसून काढतो आणि त्याला त्याचे पैसे मिळतात, हेच डोक्यात येत नसे.

चित्र काढून पोट भरणारा आमच्या ओळखीचा एकच माणूस होता, तो म्हणजे पेंटर. भिंतीवरच्या बियाण्यांच्या जाहिराती, ट्रॉलीमागचं नाव, लग्नघराच्या दारावरची अक्षरं, निवडणुकीची चिन्हं, गणपतीमागचा पडदा, सगळं तोच करायचा. सुट्टीत मी त्याच्या हाताखाली जायचो. तो आधी खडूच्या भुकटीत बुडवलेल्या दोरीचं सूत मारायचा, मग अक्षरांची जागा मोजायचा, आणि चित्राला उरलेली जागा द्यायचा. मला ते उलटं वाटायचं. आज चित्रकथेचं पान मी तसंच मांडतो. आधी शब्द, मग माणसं. आणि दुसरं म्हणजे त्याचं काम दिवस मावळायच्या आत पुरं व्हायचं, कारण मालक बघायला येणार असायचा. मूड नाही म्हणून अर्धी भिंत सोडून तो कधी घरी गेला नाही.

तुमच्या गावाजवळ असा जुना पेंटर उरला असेल तर पोराला त्याच्याकडे जरूर पाठवा. फ्लेक्स आल्यापासून ही मंडळी कमी झाली, पण हात अजून शाबूत आहेत. तिकडे वडसा, ब्रह्मपुरी भागात झाडीपट्टीच्या नाटकांचे रंगवलेले पडदे करणारे जुने कलाकार अजून भेटतात. जंगल, वाडा, कचेरी, गावचा रस्ता, एवढ्या मोजक्या पडद्यांवर रात्रभराचं नाटक उभं राहतं. जागा एका नजरेत कशी कळवायची हे त्या पडद्यांवरून जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून कळत नाही.

व्यंगचित्राचं म्हणाल तर आपल्याकडे त्याची शाळा वर्षातून एकदा रस्त्यावर भरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, निघते, आणि तिच्यासोबत बडग्ये, म्हणजे टिंगलीचे पुतळे. महागाई, घोटाळे, पुढारी, त्या साली जे लोकांच्या डोक्यात असेल त्याचा बडग्या. कागद, बांबू, जुने कपडे आणि गळ्यात एक पाटी. गर्दीतून दोन मिनिटं दिसणार, म्हणून करणारा एकच गोष्ट मोठी करतो: नाक, नाहीतर पोट, नाहीतर हातातली थैली. बाकी सगळं साधं ठेवतो. व्यंगचित्र शिकवणारा मास्तर तरी आणखी वेगळं काय सांगणार? पोराला एक वर्ष नुसतं वही घेऊन तिथे उभं करा. मारबत तुमच्याकडेही सकाळी गावाबाहेर नेत असतील, पण बडग्यांचा थाट नागपूरचाच.

आता पुढचं पोराला वाचायला द्या. त्याच्याशीच बोलतो.

बावा, तू जे उतरवतोस ते उतरवत राहा, त्यात लाज नाही. पण आता त्याच्या जोडीला एक सवय लाव. आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत छोटी वही घेऊन बस आणि समोरचं काढ. चेहरे नको काढूस. पाठमोरी माणसं काढ, उकिडवी बसलेली काढ, डोक्यावर टोपलं घेऊन वळणारी बाई काढ. कापूस वेचणारी बाई कमरेला कापड बांधून पुढे ओटी करते, ती भरत जाते तशी बाईची चाल बदलते. हे तू जन्मापासून पाहतो आहेस, पण बघितल्याशिवाय काढून पाहा, येणार नाही. आणि बैल. आपल्याकडच्या खेड्याचं चित्र म्हटलं की सगळे लांब, धनुष्यासारख्या शिंगांचा बैल काढतात. तो खिल्लार, तिकडच्या देशावरचा. वर्ध्याकडचा गवळाऊ पांढरा, उंच, अंगानं सडपातळ, आणि त्याची शिंगं आखूड, बोथट, जराशी मागे गेलेली. वर्धा जिल्ह्याच्या गोष्टीत खिल्लार जुंपलास तर पुण्याच्या वाचकाला कळणार नाही, पण तुझ्या गावातलं शेंबडं पोरगं हसेल.

मग पान. चित्रकथेचं एकक चित्र नाही, पान आहे. एक उदाहरण घेऊ. गोष्ट अशी: शेतकरी जिनिंगवर कापूस विकायला नेतो आणि भाव पाडून मिळतो. तू आज हे काढशील तर मला माहीत आहे काय काढशील. शेतकऱ्याचा मोठा चेहरा, डोळ्यांत पाणी, आणि फुग्यात 'अरे देवा, भाव पडले!' पाहणाऱ्याला यात करायला काहीच उरलं नाही. तेच असं मांडून बघ. वर पूर्ण रुंदीची चौकट: पहाट, जिनिंगच्या फाटकासमोर गाड्यांची रांग, आपला माणूस गाडीवर घोंगडी पांघरून बसलेला, रांगेत मागे, एवढासा. खाली तीन चौकटी. पहिलीत ग्रेडरचा, म्हणजे कापसाची प्रत ठरवणाऱ्याचा, हात कोपरापर्यंत कापसात गेलेला, माणूस दिसतच नाही. दुसरीत त्याच्या चिमटीत ओढलेला पुंजका, आणि त्या पुंजक्याच्या पलीकडे, जरा अंधुक, शेतकऱ्याचे डोळे. तिसरीत ग्रेडरचं अर्धं तोंड आणि छोटा फुगा: 'ओल हाये.' शेवटची चौकट खाली उजवीकडे: शेतकरी कापसावरचं फारी, म्हणजे झाकायचं कापड, परत सारखं करतो आहे. शब्द नाही. भाव काय मिळाला तो पान उलटल्यावर.

यात मी तीन कामं केली. पहिलं, मोठी चौकट जागेला दिली आणि छोट्या हातांना, कारण आधी आपण कुठे आहोत ते कळलं पाहिजे, मग काय घडतं ते. दुसरं, खरी गोष्ट दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत घातली. ग्रेडरनं पुंजका ओढला आणि तोंड उघडलं, यांच्या मधला क्षण वाचक स्वतः भरतो, आणि जे तो स्वतः भरतो ते त्याला पटतं. तिसरं, उत्सुकता उजव्या पानाच्या तळाशी नेऊन ठेवली, कारण वाचक पान तिथूनच उलटतो. डाव्या पानाच्या तळाशी ठेवलीस तर शेजारच्या पानावरचं उत्तर त्याला आधीच दिसतं. मोबाइलवर वाचायच्या चित्रकथेला पान नसतं, तिथे तेच काम बोटानं वर सरकवण्याआधीची चौकट करते.

फुग्यांचं शास्त्र साधं आहे, तरी नव्या पोरांची निम्मी पानं तिथेच मरतात. आपण डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचतो. म्हणजे जो आधी बोलणार तो चौकटीत डावीकडे हवा, किंवा निदान त्याचा फुगा वर हवा. हे चित्र झाल्यावर लक्षात आलं तर दोन शेपट्या एकमेकींना कापतात आणि आजीचं बोट अडतं. म्हणून पेन्सिलच्या कच्च्या आराखड्यातच आधी फुगे टाक, संवाद त्यात लिहून बघ, मग उरलेल्या जागेत माणसं बसव. फुग्यात पंधरा-वीस शब्दांवर गेलास की समज, चित्राचं काम तू शब्दांना करायला लावतो आहेस.

देवनागरीचा स्वतंत्र त्रास आहे. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी अक्षरं मोठी, एका उंचीची, म्हणून ओळी दाटीवाटीनं बसतात. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर चढतो. त्यामुळे आपला फुगा इंग्रजीपेक्षा उंच लागतो. भाषांतरित कॉमिक्समध्ये अक्षरं फुग्याच्या भिंतीला घासलेली दिसतात ती म्हणूनच, तो फुगा मुळात दुसऱ्या लिपीसाठी काढलेला असतो. हातानं लिहीत असशील तर तीन रेघा आख: शिरोरेषेची, अक्षराच्या तळाची आणि उकारासाठी खाली एक. फॉन्ट वापरत असशील तर 'एक टाईप' या संस्थेचा 'बलू' आहे, हातच्या अक्षरासारखा 'कलम' आहे, दोन्ही फुकट मिळतात आणि युनिकोडमध्ये आहेत. नोटिशीत वापरतात तो सरकारी फॉन्ट फुग्यात घालू नकोस, पात्र तहसील कार्यालयातून बोलल्यासारखं वाटतं.

बोली वापरावी का, हे मला सगळेच विचारतात. वापर, पण तुझ्या घरात बोलतात तीच. 'काहून बे', 'मले काय मालूम', 'कुठी चालला' एवढं पात्राच्या तोंडी पुरतं. सगळे शब्द वाकडे लिहिलेस तर वाचणारा अक्षरं लावत बसतो आणि गोष्ट सुटते. शिवाय विदर्भात एक बोली नाही. तुमच्या यवतमाळ-अमरावती-अकोल्याकडची वऱ्हाडी वेगळी, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडची झाडी वेगळी. गडचिरोलीतल्या पात्राला अकोल्याचं बोलायला लावलंस तर ते खिल्लार बैलासारखंच. आणि कृपा करून वऱ्हाडी फक्त विनोदी पात्राला देऊ नकोस. डॉक्टरीण, तलाठी, प्रेमात पडलेली पोरगी, तीही आपल्याकडे असंच बोलतात. चित्रपट-मालिकांनी करून ठेवलेला हा घोळ आपण तरी पुढे नेऊ नये.

साधनांबद्दल फार नको सांगायला. एचबी पेन्सिल, काळी शाई, एक निब, एक बारीक गोल ब्रश, जाड पांढरा कागद. ए-4 छापायचं असेल तर ए-3 वर काढ. छोटं होताना रेघ घट्ट होते आणि हाताचा थरकाप लपतो. मोबाइलवर काढतोस तर एकच गोष्ट पक्की कर: नवीन पान उघडताना माप 2480 बाय 3508 पिक्सेल ठेव, म्हणजे ए-4 आकारात 300 डीपीआय, इंचाला 300 ठिपके. ॲप आपणहून जे माप देतं ते स्क्रीनपुरतं असतं, छापल्यावर पिठासारखं दिसतं. आणि पुढे लॅपटॉप आलाच तर क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे. रंग पहिली दोन-तीन वर्षं बाजूलाच ठेव. काळ्या-पांढऱ्यात पान उभं राहिलं नाही तर रंगानं राहत नाही.

माहितीची चित्रकथा तुला रटाळ वाटेल, म्हणून तिच्याबद्दल थोडं. 2017 साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे तुझ्या वडिलांना आठवत असेल. डब्यावर सूचना असतात, पण बारीक अक्षरात. विषाची तीव्रता सांगणारा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, त्याचा अर्थ कितीजणांना माहीत? आता यावर चार चौकटींचं भित्तिचित्र कर, अक्षर न वाचणाऱ्यासाठी. पहिली सूचना 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नका.' वारा कसा काढशील? बाण काढलास तर तो बाण फवाऱ्याचा वाटेल. नुसत्या रेघा काढल्यास पाऊस वाटेल. मी शेवटी माणसाच्या गळ्यातला दुपट्टा उडवला, पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, पानं त्याच दिशेला वाकवली, आणि फवारा त्याच बाजूला जाऊ दिला. शेजारी दुसरा माणूस: दुपट्टा मागे उडतोय आणि फवारा तोंडावर येतोय. गावातल्या बायांना दाखवलं, एकीनं लगेच सांगितलं, 'याच्या तोंडावर येऊन राह्यलं औषध.' झालं काम. ज्याला हे जमतं त्याला दिवाळी अंकातल्या सहा पानांतही वारा दाखवता येतो. या कामाला हलकं समजू नकोस.

याच धर्तीवर शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियानं गावोगावच्या लोकांना, चित्रकार नसलेल्यांना, आपापल्या गोष्टी चार चौकटींत काढायला शिकवलं आहे. साध्या कागदावर काळ्या पेनानं काढायचं, झेरॉक्स मारायची, आणि चहाच्या टपरीवर, बसथांब्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवायची. तू हे उद्या करू शकतोस. एक गोष्ट काढ, चार झेरॉक्स चिकटव, आणि लांब उभा राहून लोक कसे वाचतात ते बघ. छापील प्रसिद्धीपेक्षा यातून जास्त शिकशील.

भाऊ, आता परत तुमच्याशी. शिक्षणाचं. त्यानं शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या असतील तर प्रमाणपत्रं जपून ठेवा. बारावीनंतर बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, राज्याच्या सीईटीतून प्रवेश होतो, कुठलीही शाखा चालते. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, मुंबईला 1857 पासूनचं जे. जे. आहे. मला विचाराल तर नागपूर. तिथून यवतमाळला रातोरात घरी येता येतं आणि सरकारी कॉलेजची फी झेपते. शाखा निवडताना पेंटिंगपेक्षा उपयोजित कला घ्यावी, तिथे अक्षर, मांडणी आणि छपाई शिकवतात. अभ्यासात तल्लख असेल तर एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) आणि आयआयटी मुंबईच्या डिझाइनच्या प्रवेश परीक्षाही देऊ द्या, पण त्यांची तयारी आधीपासून लागते. नाही म्हणाल ते एकाच गोष्टीला म्हणा: गल्लोगल्लीच्या ॲनिमेशन संस्थांना, ज्या लाखांत फी घेऊन वर्षभरात सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात आणि नोकरीची हमी तोंडी देतात. शेत गहाण टाकून तर मुळीच नको.

कॉलेजशिवाय होणार नाही का? होतं. पण खेड्यात एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे तोंडावर 'हे चुकलंय' म्हणणारी माणसं. गावात सगळेच वाहवा करतात. चार-पाच वर्षं त्याच्याएवढ्याच किंवा त्याच्याहून सरस हातांच्या पोरांत बसणं हा खरा फायदा, पदवी दुय्यम. त्यानंतर परत गावी येऊन राहायला हरकत नाही. कामं ईमेलवर येतात, फायली नेटवर जातात, पुण्यातल्या संपादकाला मी कुठे बसलोय यानं फरक पडत नाही. वीज मात्र जाते, तेव्हा मुदतीच्या दोन दिवस आधीची मुदत स्वतःला लावून घ्यावी लागते. मामाचं डी. फार्मसीही मी वाईट म्हणत नाही. पण पोरानं दोन्ही करतो म्हटलं तर ऐकू नका, कॉलेजच्या पहिल्या वर्षीच एकाचा बळी जातो, आणि तो चित्राचाच असतो.

पैशाचं थोडं कायदेशीर. काम पानाप्रमाणे ठरवायचं, गोष्टही त्यानंच लिहायची असेल तर तिचे वेगळे. निम्मे आधी. बदल पेन्सिलच्या टप्प्यावर दोनदा फुकट, शाई झाल्यावरचे पैसे घेऊन, हे आधी लिहून द्यायचं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर 5 वर्षं धरतात, कुठे ते लिहिलं नसेल तर भारतापुरते. 'सर्व हक्क कायमचे' असं छापील वाक्य बहुतेक कागदांत असतं, ते वाचून एक आवृत्ती, एक भाषा, एवढ्यावर आणायचा प्रयत्न करायचा. कधी जमतं, कधी नाही. पात्रं मात्र सहसा विकू नयेत. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून घ्या. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात असा कायदा आहे, आणि बिलाखाली तो क्रमांक दिसला की हिशेबनीस जरा लवकर हलतो.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मामा विचारेलच. स्वस्तातली पोस्टरं, शुभेच्छापत्रं, युट्यूबची थंबनेल, हे काम त्यानं खाल्लं आहे, खोटं कशाला बोलू. पण तोच पोरगा आठही पानांवर तोच दिसला पाहिजे, पऱ्हाटी पऱ्हाटीसारखी आणि तूर तुरीसारखी दिसली पाहिजे, फवाऱ्याची दिशा बरोबर हवी, आणि चुकलं तर जबाबदार माणूस हवा, अशी कामं अजून आमच्याकडेच येतात. पुढच्या दहा वर्षांचं मी छातीठोक सांगणार नाही. तेवढं तर फार्मसीचंही कोणी सांगू शकत नाही.

सुरुवात म्हणून एवढं करा. बारावीची परीक्षा होऊ द्या. मग त्यानं गावातलीच एक गोष्ट घेऊन चार पानं काळ्या शाईत पुरी करावीत, अक्षरांसकट. आजीच्या परीक्षेतून पास झाली की नीट स्कॅन करून दोन-तीन दिवाळी अंकांना आणि बालभारतीच्या 'किशोर'ला पाठवावीत. सोबत दोन ओळींचं पत्र आणि फोन नंबर, आत्मचरित्र नको. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, पोळ्यानंतर पाठवलेलं सहसा पुढच्या वर्षावर जातं. म्हणून पानं जूनच्या आत गेली पाहिजेत. उत्तर आलं नाही तर महिन्यानं एकदा विचारावं, दुसऱ्यांदा नाही, आणि तोवर पुढची चार पानं काढायला घ्यावीत.